कासवाच्या पिल्लाला हात नको, वाट हवी

मार्च उजाडला की खांदेश्वर, पनवेल, खारघर भागातून अनेक कुटुंबे सुट्टी गाठून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला निघतात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची असतात. उत्साह चांगलाच, पण नवजात जिवाबाबत जो नियम माणसाला, तोच कासवाला: मदत मोजकी आणि वेळेवर हवी.

मादी वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते आणि निघून जाते. काही तासांतच गर्भ कवचाच्या आत वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर गर्भ दगावतो. म्हणून अंडी हलवायची तर ती जाणकारानेच, लवकर आणि न उलटवता. पिल्लू नर की मादी, हेही वाळूच्या उबेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, तेव्हा पोटात शोषलेला बलक हीच त्यांची शिदोरी. तिच्यावरच वाळू ओलांडून खोल पाणी गाठायचे असते. बघे जमेपर्यंत त्यांना टोपलीत ताटकळत ठेवले, तर ती शिदोरी फुकट जाते. वेळ पिल्लाची पाळावी, पर्यटकाची नव्हे.

वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्गमित्र संस्था आणि गावकऱ्यांनी हे काम सुरू केले. पूर्वी अंडी खाण्यासाठी नेली जात. आता कासवमित्र पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणात ठेवतात आणि पिल्ले पाण्यात न टाकता वाळूवर सोडतात. पुढचे चालणे पिल्लाचे. २००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे गावातल्या घरांना पाहुणे मिळाले आणि राखणीला बळ आले.

पाहुण्यांचे पथ्य सोपे आहे. पिल्लू समुद्रावरच्या उजेडाच्या रोखाने जाते. बॅटरी आणि फ्लॅश त्याची दिशा चुकवतात. दोरीमागे उभे राहावे, वाळूतले खड्डे बुजवावेत, कचरा परत न्यावा. पिल्लू हातात घेऊन फोटो काढू नये. सागरी कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

हौसेने घरी पाळलेल्या छोट्या कासवांचीही गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांच्या आजारपणामुळेच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात ते नसलेलेच बरे. कंटाळा आला म्हणून परदेशी कासव जवळच्या तलावात सोडणे म्हणजे तिथल्या देशी कासवांच्या अन्नात वाटेकरी आणणे.

एखाद्या दिवशी वेळासला एकही पिल्लू निघत नाही आणि पाहुणे हिरमुसतात. प्रसूतीची वेळ कोणाच्या सोयीने येत नाही, हे घरातली आजी मुलांना सहज समजावू शकेल.