शेजाऱ्यांना घेऊन एकदा डोंगर चढा



“फादर, आम्ही शेतकरी. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पायांवरच असतो. डोंगर चढणे ही शहरातल्या लोकांची हौस. आम्हांला ती कशाला?” धर्मग्रामाच्या सभेत डोंगरावर जाण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे देतो.

पहिली गोष्ट आरोग्याची. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतातले श्रम त्यात धरले जातात, यात शंका नाही. पण आपण पूर्वीइतके चालतो का, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. शेतावर जाताना मोटारसायकल, नांगरटीला ट्रॅक्टर, चिखलणीला पॉवर टिलर, बाजाराला टेम्पो! श्रम उरले ते वाकण्याचे आणि ओझे उचलण्याचे. त्याने कंबर झिजते, पण छाती व काळीज यांना जो सलग व्यायाम हवा तो मिळत नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे आता केवळ शहराचे रोग राहिलेले नाहीत, हे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आपल्याच माणसांकडे पाहून कळते. एका दिवसाच्या चढणीने हे रोग जाणार नाहीत. मात्र आपला दम कुठवर पोचतो, हे ती चढण प्रामाणिकपणे सांगते, आणि रोज पायी चालण्याची गोडीही लावते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ती शेजारधर्माची. बांधावरून, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून, गुरे पिकात शिरली म्हणून, किती घरांचे बोलणे बंद आहे! दोघेही रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात आणि दाराबाहेर पडताच तोंडे फिरवतात. मी अनेकदा दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याचा प्रयत्न केला आहे. समोरासमोर बसले की दोघेही वकील होतात. चालताना तसे होत नाही. नजर वाटेवर असते, दम राखायचा असतो, शब्द आपोआप कमी आणि साधे निघतात. निसरड्या दगडावर ज्याने हात दिला, त्याच्याशी अबोला धरून राहणे कठीण जाते. अम्माउसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा (लूक २४). मनातले दुःख त्यांनी चालता चालताच त्या अनोळखी सोबत्याला सांगितले, आणि तो सोबती प्रभूच होता.

म्हणून माझे मत असे की, ही सहल केवळ ‘आपल्या माणसांची’ नसावी. गल्लीतले, शिवारातले सर्व शेजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांना आमंत्रण जावे. पायी चालण्याची परंपरा त्यांनाही आहे आणि आपल्यालाही. ते दिंडीतून पंढरपूरला जातात. संत फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या सणासाठी आपल्या भागातले भाविक जुन्या गोव्याला पायी जातात. डोंगरावर देऊळ लागले तर पादत्राणे काढून, आवाज न करता वागावे. इतर धर्मांविषयी आदर बाळगावा हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले आहे.

आणि स्त्रियांना घरी ठेवू नये. बाजार आणि माहेर यांपलीकडे ज्यांचे पाऊल पडत नाही, त्यांनाच या दिवसाची खरी गरज. भाकऱ्या त्यांनी थापल्या, तर पिशवी पुरुषांनी वाहावी. एवढे झाले तरी सहलीचे सार्थक झाले.

कधी जावे? भर पावसात वाटा निसरड्या आणि ओढे भरलेले असतात. सुगीत कुणाला सवड नसते. उन्हाळ्यात ऊन आणि वणवा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र सोयीचा. भांगलण संपलेली असते, भात निसवत असते, सुगी अजून लागायची असते. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुटी, आणि ४ तारखेला सृष्टीवर प्रेम करणाऱ्या असिसीकर संत फ्रान्सिसचा सण. रविवार निवडल्यास पहाटेचा मिस्सा आधी, डोंगर नंतर.

कुठे जावे? फार लांब नको. बेळगावजवळ येळ्ळूरचा राजहंसगड आहे. चंदगड तालुक्यात देवरवाडीपासून वैजनाथाचा डोंगर व महिपालगड आहेत. गाडीरस्ता वरपर्यंत असला तरी गाडी पायथ्याशीच ठेवावी. खानापूरच्या जंगलात, विशेषतः भीमगड अभयारण्यात, वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

आता काही नियम. ते पाळायचे नसतील तर न गेलेले बरे.

१) निघताना, माथ्यावर आणि उतरल्यावर, अशी तीन वेळा माणसे मोजावीत. यरुशलेमहून परतताना बाळ येशू सोबतच्या मंडळींत असेल असे समजून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, आणि मग त्याला तीन दिवस शोधावे लागले (लूक २). ‘असेल कुठेतरी मागे’ या भरवशावर राहू नये.

२) सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सर्वांनी चालावे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर चाल जास्त झाली. छातीत दुखले, डाव्या हातात कळ आली वा अंधारी आली तर तेथेच थांबावे आणि त्याला एकट्याला सोडू नये.

३) मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम, थरथर, भोवळ ही साखर उतरल्याची लक्षणे. हृदयरोग असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

४) माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्यावे. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. वयस्कांनी काठी घ्यावी.

५) परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो. दोनच्या आत माथा सोडावा. विजा चमकत असता एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

६) कड्याला आग्या मोहोळ असते. धूर, फटाके, अत्तर आणि कर्णा यांपासून दूर राहावे. दारूला तर मुळीच थारा नको.

७) साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला अवयव न हलवता थेट रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

८) अंगभर कपडे घालावेत आणि घरी येताच गोचिडी तपासून अंघोळ करावी. सत्तरी तालुक्यात २०१५ साली व दोडामार्गात २०१६ साली माकडतापाने माणसे आजारी पडली. हा ताप गोचिडीच्या चाव्याने येतो व डिसेंबर ते मे या काळात त्याचा जोर असतो. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्यखात्याला कळवावे. आठ-दहा दिवसांत ताप आल्यास जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कुणाला वाटेल, धर्मगुरूने हे कशाला सांगावे? १९२२ साली पोप झालेले अकरावे पायस हे स्वतः गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा हे शिखर गाठले होते, आणि १९२३ साली संत बर्नार्डला त्यांनी गिर्यारोहकांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केले. इटलीतील तूरिनचा तरुण पिएर जॉर्जो फ्रसाती मित्रमंडळी जमवून डोंगर चढे आणि एरवी व्हिन्सेंट दी पॉल संस्थेतर्फे गरिबांच्या घरी मदत पोचवी. तो १९२५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी पोलिओने वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. त्याचे डोंगर आणि त्याची गरिबांची सेवा ही दोन वेगळी आयुष्ये नव्हती.

शेवटी एक शेतीची गोष्ट. ज्या मलप्रभेच्या पाण्यावर इतक्या गावांची पिके उभी आहेत, ती कणकुंबीच्या डोंगराळ भागात उगम पावते. वरचे रान राहिले तर पाणी मुरते; रान जळाले तर माती वाहून खाली येते, मग वरच्या बांधावरून भांडणारा आणि खालच्या बांधावरून भांडणारा, दोघांचीही विहीर आटते. हे सभेत सांगून पटत नाही, माथ्यावर उभे राहिल्यावर पटते. तेथून शिवार एकसंध दिसते. कुणाचा बांध हातभर सरकला, हे काही दिसत नाही.

रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तंबू ठोकून राहावेसे वाटले. पण प्रभूने त्याला पुन्हा खाली, माणसांत आणले. आपणही संध्याकाळी खाली यावे, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर भेटल्यावर तोंड न फिरवता विचारावे, “काय, पाय दुखतात का?” ज्यांचे बोलणे बंद आहे, त्यांना पहिले आमंत्रण आपणच द्यावे.

देव आपणां सर्वांस आरोग्य व शांती देवो.

— आपला धर्मगुरू