डोंगरातली घायपात

मेक्सिकोच्या सिएरा माद्रे ओरिएंटाल पर्वतात, पाइन-ओकच्या रानात वाढणाऱ्या ‘अगावे मोंताना’ला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट १९९६ साली. आपल्या बांधावरच्या घायपाताची ही थंडी सोसणारी बहीण. कुंडीत हिचा जीव जातो तो बहुधा मालकाच्या मायेने, म्हणजे पाण्याने. मातीत निम्मी खडी घाला, बुडाला मोठं भोक ठेवा. माती पुरती वाळल्याशिवाय झारीला हात नको, हिवाळ्यात तर जवळजवळ उपासच. ऊन भरपूर, पण येण्याजाण्याची वाट सोडून. टोकाचा काटा पोटरी बरोबर शोधतो. मिटलेल्या पानांच्या काटेरी कडांचे ठसे शेजारच्या पानावर उमटतात, ते मात्र चष्मा लावून पाहावेत. फुलोरा आयुष्यात एकदाच, मग झाड संपतं. पिल्लं ही सहसा देत नाही, त्यामुळे नवं रोप हवं तर बीच पेरावं लागतं.