आधी दालन, मग भुलभुलैया

लखनौला येणारा मराठी पाहुणा बडा इमामबाडा पाहत नाही. तो ‘भुलभुलैया’ करून येतो. जुन्या लखनौतल्या या वास्तूचं नावच आपण बदलून टाकलं आहे, आणि नावाबरोबर तिथलं वागणंही.

हाच पाहुणा रोमला सेंट पीटर्सच्या दारात खांदे-गुडघे झाकून रांगेत उभा राहतो. आत शिरताच आवाज खाली आणतो. घुमट कोणाचा, खाली कोणाच्या समाध्या, हे घरून वाचून आलेला असतो. इथे मात्र मुख्य दालन तो घाईने ओलांडतो, कारण गाइडने वरच्या बोळांत हरवण्याची गंमत कबूल केलेली असते. वर आरोळ्या आणि मोबाइल. खाली ताजिये आणि आसफउद्दौलाची कबर. मोहरमात इथे मजलिस भरते, लोक हुसैनसाठी रडतात. त्या शोकाच्या जागेचा आपण जत्रेतला पाळणा केला आहे.

हा फरक इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मातला आहे, असं म्हणावं, तर तेही खरं नाही. १८५७ मध्ये मेलेल्या इंग्रजांच्या स्मरणार्थ १८६० मध्ये हजरतगंजात उभं राहिलेलं क्राइस्ट चर्च ओलांडून आपण चिकनचे कुर्ते घ्यायला जातो. म्हणजे आपला आदर धर्माला नसतो, विमानभाड्याला असतो.

भुलभुलैयामुळेच तर पर्यटक येतात, असं मला ऐकवलं जातं. येऊ देत. पण मग भुलभुलैया तरी नीट समजून घ्या. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून आसफउद्दौलाने हे बांधकाम काढलं, वास्तुकार किफायतउल्ला. दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच. मध्ये एक खांब नाही, छताला तुळई नाही. ते अजस्र छत तोलून धरण्यासाठी वर भिंतींचं आणि बोळांचं जाळं रचलं गेलं, असं मानतात. तेच तुमचं कोडं. दालन नसतं, तर तेही नसतं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. जोडे काढा, आधी दालनात जा, दहा मिनिटं गप्प उभे राहा, वर पाहा. मग खुशाल वर चढा आणि हरवा. आणि घरी परतल्यावर कोणी विचारलं, तर इमामबाडा पाहिला म्हणून सांगा.