‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दाखवणारा पडदा

शहाड स्टेशनाबाहेर पडले की झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, डीटीपी अशा पाट्या दिसू लागतात. आत एक टेबल, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून ठेवलेला मॉनिटर. लग्नसराईत याच टेबलावर एकामागून एक पत्रिका जुळवल्या जातात : ‘चि. सौ. कां.’, ‘ज्येष्ठ’, ‘द्वितीय’, ‘कृपाभिलाषी’. संध्याकाळी सातच्या सुमारास ऑपरेटर चष्मा कपाळावर सरकवतो, तळहातांनी डोळे चोळतो आणि पडद्याजवळ वाकून पाहतो, ‘शिंदे’वर दिसतो तो अनुस्वारच आहे की काचेवर बसलेला धुळीचा कण. खात्री होत नाही. मग तो प्रिंटची एक प्रत काढतो, कारण कागदावर लगेच कळते.

कागदावर का कळते, याचे उत्तर आकड्यांत आहे. साधा लेझर प्रिंटर एका इंचात ६०० ठिपके उमटवतो. बाजारात सर्रास मिळणारा २४ इंची फुल एचडी मॉनिटर एका इंचात साधारण ९२ ठिपके दाखवतो. तेवढ्यात इंग्रजीचे भागते. मराठीचे भागत नाही, आणि मॉनिटर निवडताना नेमका हाच मुद्दा मराठी माणसाला कोणी सांगत नाही.

विंडोजच्या मूळ मांडणीत ११ पॉइंटच्या अक्षराला पडद्यावर उंचीचे जेमतेम १५ ठिपके मिळतात. रोमन लिपीतले अक्षर त्यात ऐसपैस बसते, कारण त्याच्या डोक्यावर आणि पायाशी फारशी गर्दी नसते. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऊकार, ऋकार. आणि मधल्या सात-आठ ठिपक्यांत ‘द्ध’, ‘ट्ठ’, ‘क्ष्म’ यांसारखी जोडाक्षरे. ‘कर्तृत्व’ हा एक शब्द पंधरा ठिपक्यांत बसवायचा म्हटले, की रफार शिरोरेषेला चिकटतो आणि ऋकाराची गाठ होते.

वाचायला अडचण एवढ्यावरच ही गोष्ट थांबत नाही, मराठीत अर्थच बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ मात्र डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी यांत फरक आहे तो एका बारीक आडव्या फटकाऱ्याचा. ‘महत्त्व’मधला दुसरा ‘त’ म्हणजे तर एक रेघ. विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर ‘महत्व’ आणि ‘महत्त्व’ जुळ्या भावंडांसारखे दिसतात. मुद्रितशोधन करणारी व्यक्ती दिवसभर अशा रेघांच्या मागावर असते. तिचे डोळे थकतात ते कामाच्या तासांनी, पण त्याहून जास्त प्रत्येक शब्दावर दोनदा नजर टाकावी लागल्याने.

शहाडला लागून असलेल्या उल्हासनगरात हा प्रश्न दुहेरी आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हे गाव उभे केले, १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि सिंधी भाषा अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. देवनागरी सिंधीत ‘ॻ’, ‘ॼ’, ‘ॾ’, ‘ॿ’ ही अक्षरे आहेत. नेहमीच्या ग, ज, ड, ब यांच्यापासून त्यांना वेगळे करते ती पायाशी ओढलेली छोटी रेघ. अरबी सिंधीच्या ५२ अक्षरांत एका अक्षराला दोन नुक्ते, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार. पडद्याने एक नुक्ता गिळला की अक्षरच बदलले.

पडद्यावर भारतीय अक्षरे वाचता यावीत म्हणून मराठी माणसाने मोठे काम केले आहे. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा टंक घडवला, तो विंडोज २००० बरोबर घराघरांत पोहोचला. कमी ठिपक्यांत देवनागरी टिकवण्याची ती कसरत होती आणि ती त्यांनी जाणतेपणाने केली. पण टंकाच्या हाती असते तेवढेच तो करणार. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले ‘क्लिअरटाइप’ तंत्र प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे शेजारी-शेजारी असलेले तीन भाग वेगवेगळे वापरते. त्यामुळे अक्षराची आडव्या दिशेची धार वाढते, उभ्या दिशेला त्यातून नवे ठिपके मिळत नाहीत. रोमन लिपीला ही मदत नेमकी हवी तिथे मिळाली. देवनागरीची गर्दी मात्र उभ्या दिशेला आहे.

म्हणून मराठी मजकुरासाठी मॉनिटर घेताना पहिला आकडा इंचांचा नव्हे, एका इंचातल्या ठिपक्यांचा बघावा. २७ इंची फुल एचडी मॉनिटर दुकानात भपकेबाज दिसतो, पण त्यात इंचाला ८२ च ठिपके असतात. साडेएकवीस इंचीत १०२. तोच २७ इंची पडदा २५६० बाय १४४० चा घेतला तर १०९, आणि ‘फोर के’ घेतला तर १६३. या शेवटच्या पडद्यावर विंडोजमधले स्केल १५० टक्के ठेवले की पंधरा ठिपक्यांचे अक्षर बावीस ठिपक्यांचे होते. रफार सुटा दिसतो, ‘दऱ्या’तला फटकारा आपोआप नजरेत भरतो. सर्वांत फसवा सौदा म्हणजे ‘टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरू’. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीत इंचाला ४९ ठिपके असतात. क्रिकेट बघायला तो छान, पण त्यावर सातबारा वाचू नये.

बजेट कमी असेल तर मोठ्या, विरळ पडद्यापेक्षा लहान आणि दाट पडदा घ्यावा, हे या लेखाचे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी, शिक्षक, वकिलाकडचा टंकलेखक, डीटीपीवाला, घरून काम करणारी लेखापाल, सगळ्यांना हे लागू आहे. १४४ हर्ट्‌झ, १८० हर्ट्‌झ हे आकडे गेम खेळणाऱ्यांच्या कामाचे. स्थिर मजकूर वाचणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पॅनेल आयपीएस असावे, म्हणजे बाजूला बसून पाहणाऱ्या गिऱ्हाइकालाही रंग फिके न पडता दिसतात. ओएलईडीचे काळे रंग सुरेख असतात, पण त्यातल्या बऱ्याच पडद्यांत लाल-हिरव्या-निळ्या भागांची रचना वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. तो पडदा घेण्याआधी स्वतःचा मजकूर त्यावर उघडून बघावाच.

दुसरी तपासणी लुकलुकीची. एलईडी पडद्याचा प्रकाश कमी करायचा झाला की काही मॉनिटर खरोखर प्रकाश कमी करत नाहीत, त्याची अतिशय वेगाने उघडझाप करत राहतात. डोळ्याला ती उघडझाप जाणवत नाही, पण काही जणांचे डोके दुखते, डोळे ताणतात. ती पकडायला यंत्र लागत नाही. ब्राइटनेस अगदी खाली आणावा, पडद्यावर पांढरे पान उघडावे आणि समोर एक पेन पंख्यासारखे झपाझप हलवावे. पेनाचा सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. एकाशेजारी एक अशी सुटी सुटी पाच-सहा पेने दिसली तर पडदा लुकलुकतो आहे. दुकानदाराला ही तपासणी वावगी वाटण्याचे कारण नाही. कापड घेताना गिऱ्हाईक ते उजेडात धरून पाहतेच की.

निळ्या प्रकाशाचे स्तोम मात्र आवरायला हवे. मॉनिटरच्या खोक्यावर, चष्म्याच्या दुकानात, जाहिरातीत सगळीकडे ‘ब्लू कट’. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांमुळे पडद्यासमोरचा डोळ्यांचा थकवा अल्प काळात कमी होतो असे त्यात दिसले नाही. खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात पडद्यापेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश असतो. रात्री पडदा थोडा पिवळसर ठेवणे कोणाला सुखावत असेल तर ठेवावे. ती सोय विंडोजमध्ये फुकट आहे, त्यासाठी जादा दाम मोजू नये.

डोळे चुरचुरण्याचे मोठे कारण याहून साधे आहे. माणूस पडद्यात गढून गेला की पापण्या मिटायच्या विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी उघडझाप निम्म्याच्याही खाली येते आणि डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर वाळतो. त्यात मे महिन्याची काहिली, आणि टेबलफॅन थेट तोंडावर. शहाड, अंबरनाथ, बदलापूरच्या वन-बीएचकेत हे चित्र घरोघरी आहे : भिंतीला लावलेले टेबल, पाठीमागे खिडकी, डोक्यावर ट्यूबलाइट. पडद्यात खिडकीही दिसते आणि ट्यूबही. टेबल नव्वद अंशांत फिरवून खिडकी बाजूला घ्यावी, पंखा पायांकडे वळवावा, चकचकीत काचेऐवजी मॅट पडदा घ्यावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे हा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी त्यासाठी पुरते.

ब्राइटनेसचेही तेच. दुकानात रांगेने लावलेले मॉनिटर पूर्ण उजेडावर आणि भडक रंगांवर ठेवलेले असतात, कारण शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसायचे असते. घरी आणल्यावर कित्येक जण तो उजेड बदलतच नाहीत. पडद्याशेजारी एक कोरा कागद धरावा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा चमकत असेल तर कमी करावा, राखाडी दिसत असेल तर वाढवावा.

आणि चाळिशी. मराठीने वयाच्या आकड्यावरून चष्म्यालाच नाव दिले, इतकी ही गोष्ट ठरलेली. पण चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो, एक-सव्वा फुटांचा. मॉनिटर दोन फुटांवर. मग बायफोकलच्या खालच्या भागातून बघण्यासाठी हनुवटी वर, मान मागे, आणि महिन्याभरात मानदुखी. चष्मा तपासताना पडद्याचे अंतर डॉक्टरांना मोजून सांगावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. त्यासाठी उंची बदलणारा स्टँड असलेला मॉनिटर घेतला तर ते पैसे वाया जात नाहीत.

नवा घेण्याची ऐपत नसेल तर आहे त्या मॉनिटरची वायर आधी पाहावी. अजूनही असंख्य संगणक निळ्या टोकाच्या, दोन स्क्रूंच्या व्हीजीए वायरने जोडलेले आहेत. त्या वायरीतून चित्र अॅनालॉग जाते आणि अक्षरांच्या कडा पसरट होतात. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट लावले आणि रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ आकड्यावर आणले, की जुना पडदाही वेगळा वाटतो. कंपन्यांच्या लॉटमधून निघालेले रिफर्बिश्ड मॉनिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात; त्यांतले उंची बदलणाऱ्या स्टँडचे आयपीएस मॉनिटर बेताच्या पैशांत चांगला सौदा ठरू शकतात, मात्र पेनाची तपासणी करूनच.

हे सगळे एकेकट्या ग्राहकावर सोडून चालणार नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे हेसुद्धा सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ती अक्षरे ज्या पडद्यावर रोज टंकली जातात, त्याच्याकडेही आता पाहायला हवे. सेवा केंद्रात उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला टंकणारी मुलगी दिवसभरात शेकडो नावे वाचते. ‘शिंदे’चा ‘शिदे’ झाला तर तिला बोल लागतो आणि अर्जदाराला दुरुस्तीसाठी कामाचा दिवस बुडवावा लागतो. महापालिका, नगरपालिका, शाळा, महाविद्यालये यांनी संगणक खरेदीच्या निविदेत चार ओळी घालाव्यात : इंचाला किमान १०० ठिपके, लुकलुक नसलेला प्रकाश, मॅट पृष्ठभाग, उंची बदलणारा स्टँड.

आणि दुकानांनी पेन ड्राइव्ह लावू द्यावा. गिऱ्हाइकाने घरून एक पानाची मराठी फाइल न्यावी, ११ पॉइंटमध्ये : दर्या, दऱ्या, कर्तृत्व, महत्त्व, उज्ज्वल, शुद्ध, लठ्ठ, लक्ष्मी, शिंदे. दोन फुटांवर, पाठ खुर्चीला टेकवून बसावे आणि न वाकता ते पान शेवटपर्यंत वाचावे.