मानेतील सुई, मनातील युद्ध

रणांगण सुटले तरी सैनिकाच्या मनातील धुमश्चक्री थांबतेच असे नाही. तिच्यावर अमेरिकेत मानेतील ‘स्टेलेट’ मज्जागंडिका बधिर करणाऱ्या सुईचा उपाय योजला जात आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ रुग्णांच्या चाचणीत तो लुटुपुटीच्या सुईहून सरस ठरला नाही. २०२० च्या ११३ सैनिकांच्या चाचणीत मात्र आठ आठवड्यांनी लक्षणांची मोजणी सरासरी १२.६ अंकांनी उतरली. लुटुपुटीच्या सुईने ६.१ नी. म्हणजे निम्मा गुण नुसत्या टोचण्याचा, नाही तर काळाचा! तरीही उरलेला लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाही. आमची हरकत निराळी आहे. दचकणे थांबले एवढ्यावरून सैनिकास पुन्हा आघाडीवर धाडता कामा नये. आठ आठवड्यांपुढचे त्या चाचणीने पाहिलेले नाही. म्हणून सुईबरोबर मानसोपचारही चालू ठेवण्याचे बंधन लष्करावर असलेच पाहिजे.