जपानची पुस्तिका आणि कोकणचा अभ्यासक्रम

अभ्यासक्रमाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा विषय रत्नागिरीत निघाला की दोन आक्षेप हमखास पुढे येतात. पहिला असा की, ही मुंबई-पुण्याची चैन आहे. खेड्यातून एसटीने कॉलेजला येणाऱ्या मुलांचा तिच्याशी काय संबंध? दुसरा त्याहून बोचरा: परकी पुस्तके आणि इंग्रजी आत शिरली की मराठी आणि कोकण वर्गाबाहेर जाणार.

दोन्ही आक्षेपांमागची कळकळ खरी आहे. पण आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे आपला विद्यार्थी तिकडे जाणे किंवा तिकडचे विद्यापीठ इकडे येणे, असे दोन्हींत गृहीत धरलेले आहे. हा समज उगाच झालेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठासोबत संयुक्त पदवी द्यायची, तर नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत वरचे स्थान लागते. २०२३ चे नियम परदेशी विद्यापीठांच्या भारतातील संकुलांसाठी आहेत. ही वाट लहान गावातल्या कॉलेजासाठी नाही, हे मान्यच करायला हवे.

पण वाट तेवढी एकच नाही. स्वीडनमधल्या माल्मोचे विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्याकडे परदेशी संस्थांशी जुने संबंध नव्हते. तिथल्याच बेंग्ट निल्सन यांनी मग शहरात राहणाऱ्या स्थलांतरितांकडे पाहिले आणि ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली. ज्यांना परदेशी जायला मिळणार नाही, त्यांच्यासाठीच ती होती. पहिल्या आक्षेपाचे उत्तर इथेच मिळते.

दुसऱ्याचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याकडे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका टपालाने आली. कामाच्या धबडग्यात ती काही काळ बाजूला पडली. पुढे १९१५ च्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी ती पुन्हा उघडली आणि १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ उभे राहिले. कल्पना जपानची, पण शिकवण्याचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी सक्तीची होती, तरी ती एक विषय म्हणून. उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी माध्यम, हे समीकरण ज्या काळी पक्के होते, त्याच काळी परदेशाकडे पाहूनच कर्व्यांनी मराठीला विद्यापीठाच्या वर्गात बसवले. परदेशाशी संबंध आला की मातृभाषा जाते, हा सिद्धान्त त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच खोटा पाडला.

मग रत्नागिरीच्या वर्गात काय शिकवावे? सुरुवात आंब्यापासून करता येईल. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली. कारण होती फळमाशी. ती फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून हापूस पिवळाधमक दिसतो आणि कापला की कोयीलगतच्या गरात अळ्या वळवळतात. २०१५ मध्ये बंदी उठली. आज युरोपसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवण्याची प्रक्रिया आहे, अमेरिकेसाठी विकिरणाची, जपानसाठी उष्ण बाष्पाची. एकाच फळासाठी तीन बाजारपेठांचे तीन उपाय! त्यात कीटकशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे, व्यापाराचा कायदा आहे आणि बागायतदाराच्या पेटीचा हिशेबही आहे. हे सगळे मराठीत शिकवता येते.

इतिहासाचे तसेच. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. १९१० साली बांधलेला त्याचा राजवाडा आजही उभा आहे. तो केवळ सहलीचे ठिकाण म्हणून दाखवण्याऐवजी इंग्रज-ब्रह्मी युद्धांचा धडा तिथूनच सुरू व्हावा. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांपैकी कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. स्वीडनमधल्या तानुमची कातळशिल्पे १९९४ पासून जागतिक वारसा आहेत. दोन्ही ठिकाणी खडक कोणता, कोरणारे कोण, जपणूक कशी, ही तुलना पदवीच्या प्रकल्पाला पुरून उरेल.

यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, करारही लागत नाही. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक विषयात असा किमान एक घटक यावा, त्याचे मराठी वाचनसाहित्य तयार व्हावे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण त्याला मिळावेत. म्हणजे एसटीने येणाऱ्या मुलीला घरच्या कलमांची फळे परदेशी जाताना कोणत्या कसोट्यांना उतरावी लागतात, ते स्वतः वाचून घरी समजावून सांगता येईल.