नाताळ थंडीतला की वसंतातला?

मैत्रिणींनो, नाताळ जवळ आला की आमच्या शेजारच्या ख्रिस्ती वहिनी घरात गव्हाणीचा देखावा मांडतात. गेल्या वर्षी कापसाचा बर्फ पसरता पसरता त्यांची धाकटी म्हणाली, "मम्मी, एवढ्या थंडीत मेंढपाळ रात्री रानात कसे गं? वर्गात बाई म्हणाल्या, येशूचा जन्म डिसेंबरातला नाहीच!" आजींचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे आजवर आम्ही केलं ते खोटंच का हो?" त्यांनी मला विचारलं.

घरी येऊन मी पुस्तकं चाळली. बायबलात तारीखच काय, महिनाही दिलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, एवढंच आहे. बेथलेहेम डोंगरावर, सुमारे अडीच हजार फूट उंचीवर. तिथला पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये नव्हे, हिवाळ्यात पडतो. म्हणून कुणी वसंत म्हणतं, तर कुणी पावसाआधीचा शरद. पण दुसरी बाजूही आहे बरं का! पावसानंतरच तिथं चारा हिरवा होतो, आणि जवळच्या यरुशलेमच्या मंदिरात बळीसाठी बारा महिने मेंढरं लागत. तेव्हा हिवाळ्यातही कळप रानात असू शकतील.

मग २५ डिसेंबर आला कुठून? रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगात ही तारीख सापडते. त्याच पंचांगात त्या दिवशी सूर्यदेवाचा जन्मदिनही आहे; म्हणून काही अभ्यासक म्हणतात, सूर्याच्या सणावरून नाताळ आला. दुसऱ्यांचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. मरियेला २५ मार्चला दिवस गेले असं धरलं, आणि पुढे नऊ महिने मोजले! त्याआधी, इ. स. २०० च्या सुमारास, इजिप्तमधले काहीजण जन्म मे महिन्यात धरत. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच हा सण करतं.

हे सगळं सांगून मी विचारलं, "आजी, तुमची जन्मतारीख?"

"शाळेतली ना? १ जून!" आजी हसल्या. "मास्तरांनी सगळ्यांचीच तीच लिहिली. आई सांगायची, भातकापणी चालली होती."

"मग १ जूनला वाढदिवस केला, म्हणून तुमचा जन्म खोटा ठरतो का?"

मैत्रिणींनो, तारीख कागदावर राहते. आईच्या मनात राहते ती वेळ. मरियेनं हे सारं मनात जपून ठेवलं, असं लूक सांगतो. परगाव, घरात जागा नाही, बाळ गव्हाणीत! ती रात्र कुठल्या ऋतूतली, हे तिला कुणी विचारून ठेवलं नाही, एवढंच.

तेव्हा मुलांनी विचारलं तर दटावू नका. "नक्की माहीत नाही," असं खुशाल सांगा. सण त्यामुळे उणा होत नाही. आजींनी कापसाचा बर्फ स्वतःच्या हातानं सारखा केला, आणि फराळाचं पहिलं ताट नेहमीसारखं आमच्याकडे आलं.